तीन अमावस्या, तीन भोकं

चिमणाबाई ऑफिसात आल्या तेव्हा सोमेश भिंतीवरच्या पालीला काय नाव ठेवावं याच्या विचारात होता. मे महिन्याची अखेर, सकाळचे साडेआठ, आणि सतरा दिवसांत जिना चढून मुद्दाम वर आलेली ही पहिलीच व्यक्ती. त्याआधी एक गृहस्थ आले होते, पण त्यांना खालचं सीट कव्हरचं दुकान हवं होतं.

बाहेर पाटी होती: ‘हुक्केरी गुप्त चौकशी केंद्र’. अक्षरं एवढी मोठी होती, की लक्ष्मीपुरीच्या चौकात उभं राहून वाचता येत. त्यामुळे जिना चढणारा प्रत्येक माणूस गुप्तपणे काहीतरी करतोय हे सगळ्या पेठेला कळायचं. बहुधा म्हणूनच कुणी चढत नसे.

केंद्राच्या मालकीण शिवांजली हुक्केरी. आधी विमा कंपन्यांसाठी ठोकलेल्या गाड्या तपासायच्या, आता स्थळं तपासायच्या. मुलगा पितो का, नोकरी खरी आहे का, पुण्यात आधीच एक बायको आहे का. आजवर चारशे अकरा मुलगे तपासून झाले होते आणि त्यातला एकही त्यांना स्वतःसाठी पसंत पडला नव्हता. सोमेश त्यांना आक्का म्हणायचा. तो पूर्वी एसटीडी बूथ चालवायचा. मग लोकांच्या खिशात मोबाईल आले आणि सोमेशला मध्ये न घेता ते एकमेकांशी बोलायला लागले. ते त्याच्या मनाला फार लागलं होतं.

चिमणाबाईंनी ताकाची चरवी टेबलावर ठेवली आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या. पासष्टीच्या, काळ्यासावळ्या, कपाळ मोकळं.

“माझी होडी कोण फोडतंय ते हुडकून द्या,” त्या म्हणाल्या.

हकिगत अशी होती. हातकणंगल्याच्या पुढे नदीकाठी तळवेवाडी. पलीकडच्या काठावर मळ्याची वस्ती होती, ती गेल्या वर्षीच्या महापुरात बुडाली. बाकीची आठ घरं अलीकडं नव्या प्लॉटवर येऊन राहिली. चिमणाबाई तेवढ्या पाणी ओसरल्यावर परत गेल्या. त्यांचे मालक दत्तू जन्मभर तिथं लाकडी होडी चालवायचे. ते पुराच्या आधी दोन महिने वारले आणि पुरात होडीही गेली. मार्चमध्ये कुठल्याशा संस्थेनं गावाला नवीन फायबरची होडी दिली. ती आल्यापासून दर अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यात पाणी. मार्चला एक भोक, एप्रिलला दुसरं, परवा तिसरं.

गाव म्हणत होतं, अमावस्येचं पाण्यातलं काहीतरी आहे. ग्रामपंचायत म्हणत होती, एका म्हातारीसाठी दर महिन्याला ठिगळ कुठवर लावायचं. आज संध्याकाळी पाचला बैठक होती. होडी पावसाळ्याआधी मोडीत काढायची, असं जवळजवळ ठरलंच होतं.

“मग तुम्ही?” आक्कांनी विचारलं.

“मग मी अलीकडं, पुतण्याच्या घरात. सयाजीच्या. पंचायतीत मेंबर हाय त्यो. त्येनंच हे केलंया. मला तिकडनं उठवायचं हाय त्येला.” मग ताकाची चरवी पुढं सरकवून म्हणाल्या, “तिकडं माझं घर हाय, बाई. इकडं नुसती खोली.”

आक्का उठल्या. सोमेशनं ताक संपवलं.

हातकणंगल्यापर्यंत एसटी आणि पुढं वडापची जीप. वडापमध्ये सोमेशच्या मांडीवर एका अनोळखी माणसाची पेंडीची पिशवी होती. बऱ्याच दिवसांत त्याच्या इतकं जवळ कोणी बसलं नव्हतं, म्हणून तो काही बोलला नाही.

घाटावर होडी पालथी घातलेली होती आणि तिच्याजवळ एक पांढरा माणूस उकिडवा बसला होता. पांढरा म्हणजे भुवयांसकट. हा ऋतुराज, कोल्हापुरातल्या उद्यमनगरातला फायबरवाला. एरवी फौंड्रीसाठी ओतकामाचे पॅटर्न आणि तरुण मंडळांच्या देखाव्यांसाठी हत्ती करायचा. ग्राइंडरची धूळ अंगभर बसली होती आणि बोलताना तो सतत खाजवत होता. या धंद्यात बारा वर्षं झाली, खाज अजून सवयीची झाली नाही, असं त्यानं न विचारता सांगितलं.

तो दुखावलेला होता. गावात बोलत होते, की हाच कच्ची ठिगळं लावतो, म्हणजे परत बोलावणं येतं. “मॅडम, माझं ठिगळ बघा,” तो म्हणाला. “भोवतीनं चार बोटं घासून उतार काढलाय, मग काचतंतूंच्या मॅटचे चार थर, एकावर एक, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा मोठा. रेझिनमध्ये हार्डनर मोजून. ते ठिगळ होडीपेक्षा पक्कं आहे. त्याला काही झालंय का सांगा.”

काही झालं नव्हतं. मार्चचं ठिगळ शाबूत, एप्रिलचं शाबूत. नवीन भोक त्यांच्या शेजारी होतं. तिन्ही होडीच्या टोकाकडे, एका ओळीत, मध्ये वीत-वीत अंतर सोडून. सोमेशला ती शर्टाच्या बटणांसारखी वाटली. आक्का मात्र त्यांच्याकडे फार वेळ बघत राहिल्या.

मग त्यांनी भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. बाहेरच्या पांढऱ्या थराची खपली उडाली होती आणि काचेचे तंतू बाहेरच्या बाजूला उभे राहिले होते, नारळाच्या शेंडीसारखे. होडी सुलटी करायला लावून त्यांनी आतूनही बघितलं. आत लिंबाएवढा खळगा.

“खडकावर आपटली असेल,” सोमेश म्हणाला.

“खडक बाहेरून आत येतो,” आक्का म्हणाल्या. “हे आतून बाहेर गेलंय. हातोडा असेल?”

ऋतुराजनं मान हलवली. हातोड्यानं एवढा मऊ खळगा पडत नाही. फायबर थप्पड सोसतं, टोच सोसत नाही. कशाचं तरी बोथट टोक आणि त्याच्यावर वरनं दाब. असा घाव बसला तर वरून फक्त खळगा दिसतो. आतले थर सुटतात आणि पाणी रात्रभर हळूहळू झिरपतं. भोक असं मागाहून होतं, ठिगळ लावण्याआधी पोकळ झालेलं फोडून काढल्यावर. “आणि आणखी एक. पांढऱ्या मॅटवर रेझिन मारलं, की आपलं ठिगळ गुलाबी होतंय. दोन्ही वेळेला. परत तेलकट पण. थिनरनं तीनदा पुसलं तेव्हा कुठं रेझिन धरलं.”

“गुलाल असंल,” पाठीमागून आवाज आला. “जोतिबाच्या यात्रेत सगळं गावच गुलाबी हुतं. माझी म्हस अजून हाय.”

हा ज्ञानू, होडी चालवणारा. दोन्ही काठांना बांधलेला दोर ओढत तो दिवसभर या तीरावरून त्या तीरावर जायचा. पूर्वी दत्तूंची होडी तीस माणसं न्यायची, आता ज्ञानूची एक.

आक्कांनी ऋतुराजला विचारलं, की पहिलं ठिगळ नक्की कधी लावलं. तो म्हणाला, पाडव्याला. सणाच्या दिवशी काम केलं म्हणून घरी भांडण झालं होतं, त्यामुळे चांगलं लक्षात आहे.

मग त्यांनी ज्ञानूला बाजूला घेतलं. सोमेश वहीत लिहून घेत होता. दर अमावस्येला ज्ञानूची सुट्टी. तो आदमापूरला देवदर्शनाला जातो. आदल्या दिवशी संध्याकाळी होडी चिमणाबाईंच्या काठाला बांधून येतो, का तर त्याच्या माघारी त्यांना काही दुखलं-खुपलं तर होडी हाताशी असावी. मग स्वतः परत कसा येतो?

“पवून,” ज्ञानू म्हणाला. “कापडं डोक्यावर.”

सोमेशनं लिहिलं: ‘दरमहा पोहून. कपडे डोक्यावर.’ संशयिताविषयी एवढं चांगलं मत होणं धोक्याचं, असं त्याला वाटलं.

होडी आली त्या दिवसाबद्दलही ज्ञानू बोलला. सरपंचांनी नारळ घाटाच्या पायरीवर फोडला. फोटोत नीट आला नाही म्हणून दुसरा फोडला. दुसऱ्याला फोटोग्राफरचा रोल संपला, म्हणून तिसरा. “दत्तूमामा असता तर त्येनं तोंडच फिरवलं असतं. होडीचा नारळ होडीतच फुटाय पायजे, तिला त्येचं पाणी लागाय पायजे, ह्यो त्येचा नेम. दर अमावस्येला लाकडी होडीत फोडायचा. आजारी पडला तवा दोन अमावस्या चुकल्या. पुढं पूर आला.”

“आता कोण फोडतं?”

“आता हाय कोण? गडीमाणूस म्हंजे मी, आणि मी आदमापुरात.”

सयाजी एकच्या सुमाराला आला. पंचेचाळिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात दोन मोबाईल आणि दोन्ही गप्प. सोमेशनं त्याला बघताच मनातल्या मनात बेड्या घातल्या. काकींना इकडं आणायचंय का, असं आक्कांनी सरळ विचारलं, आणि तो तितकंच सरळ हो म्हणाला. जमीन पाहिजे का? त्यानं आक्कांकडे बघितलं, मग नदीकडे. ती जमीन दर पावसाळ्याला पाण्याखाली असते, ती फुकट दिली तरी कुणी घेणार नाही.

“पलीकडं दिवा दिसतोय का, ते मी रोज सांजच्याला गच्चीवरनं बघतो,” तो म्हणाला. “दिसला की जेवाय बसतो. असं किती दीस बघायचं? तिकडं काय झालं तर आमाला कळायचं कसं?”

तिकडं शेवटचा कधी गेला होता? पुरानंतर गेलेला नाही. का? त्यानं जरा विचार केला. काही काम निघालं नाही.

तिसरं ठिगळ उन्हात दीड तासात वाळलं. तेही किंचित गुलाबी होतं. मग त्याच होडीतून आक्का, सोमेश आणि चिमणाबाई पलीकडे गेले. सोमेश ठिगळापासून लांब बसला, म्हणून होडी एका बाजूला कलली आणि ज्ञानूनं त्याला ठिगळावरच बसवलं.

पलीकडं आठ घरांची जोती होती आणि नववं घर. इतकी शांतता, की सोमेशला स्वतःच्या पोटातलं ताक ऐकू आलं. चिमणाबाईंनी बोलायला सुरुवात केली ती थांबल्याच नाहीत. रिकाम्या जोत्यांकडे बोट दाखवून कुणाच्या घरात कितीजण होते, कोण घोरायचं, कोणाच्या सुनेला भाकरी येत नव्हती, सगळं सांगितलं. माणसं गेली होती, त्यांच्या तक्रारी मात्र त्यांनी जपून ठेवल्या होत्या.

मग त्यांनी साखर आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे पुढं केले. सोमेशनं एक घेतला, मग बाकीचे सगळे घेतले. विरजणाच्या मडक्यावरच्या झाकणावर एक काळा दगड होता. तो उचलून त्यांनी आणखी ताक काढलं. दगड भोवऱ्यासारखा होता: एक बाजू सपाट, दुसरीकडं निमुळता. आक्कांनी तो हातात घेऊन वजन बघितलं, निमुळतं टोक जरा वेळ न्याहाळलं आणि परत ठेवून दिला.

“चला,” त्या म्हणाल्या. “सोमेश, तू पुरावा खाल्लास. पण दगड आहे.”

सोमेशला त्या वेळी काहीच कळलं नाही. खोबरं मात्र चांगलं होतं.

साडेचारला सगळे घाटाच्या पायऱ्यांवर बसले. चिमणाबाई, सयाजी, ज्ञानू, ऋतुराज. आक्का उभ्या राहिल्या. चारशे अकरा मुलग्यांचे अहवाल त्यांनी असेच उभ्यानं वाचून दाखवले होते आणि त्यातल्या निम्म्या वेळा कुणीतरी रडलं होतं.

“मी आधी वाईट माणूस शोधत होते,” त्या म्हणाल्या. “तो सापडेना. होडी फोडायची असेल तर माणूस कुठं मारेल? ठिगळावर. आधी फुटलेली जागा परत फुटेल, असंच कुणालाही वाटतं. इथं दर वेळी ठिगळ सोडून, एक वीत अंतर ठेवून घाव आहे. म्हणजे मारणाऱ्याला होडीची जखम दिसत होती आणि तिला धक्का लावायचा नव्हता. होडीशी असं वैरी वागत नाही.”

ऋतुराज खाजवायचा थांबला.

“तंतू बाहेर आलेत. म्हणजे घाव आतून, होडी सुलटी असताना, आत बसून घातलेला. खळगा लिंबाएवढा. बोथट टोकाचं काहीतरी खाली ठेवलं आणि त्याच्यावर आपटलं. ठिगळ तेलकट, ठिगळ गुलाबी. ज्ञानू म्हणाले गुलाल. पण पहिलं ठिगळ पाडव्याचं आहे आणि जोतिबाची यात्रा त्याच्यानंतर पंधरा दिवसांनी. तेव्हा गुलाल नव्हता. होडीत तेल आणि लाल रंग एकत्र कशामुळं येईल? दिवा, आणि हळदीकुंकू. पूजा.”

ज्ञानू हळूच म्हणाला, “नारळ.”

“नारळ. अमावस्येचा. आणि नारळ गडीमाणूस फोडतो, बाई फोडत नाही, हे इथं सगळ्यांच्या डोक्यात इतकं पक्कं आहे, की कुणी पुढचा विचारच केला नाही. अमावस्येला होडी पलीकडं असते आणि पलीकडं गडीमाणूस नाही.” आक्का चिमणाबाईंच्या शेजारी बसल्या. आवाज खाली आला. “लाकडी होडीत नारळ फोडायला दत्तूमामांनी काय सोय केली होती?”

चिमणाबाईंनी बोटानं पायरीवर होडीचं टोक काढलं.

“म्होरं लोखंडाची पट्टी हुती,” त्या म्हणाल्या. “हितं तसलं काय न्हाय. समदं गुळगुळीत. म्हून दगूड ठेवला. सपाट बाजू वर, म्हंजे नारळ नीट फुटंल.”

“आणि निमुळती खाली.”

“व्हय.”

“नारळ फुटल्यावर होडी चांगली दिसायची.”

“चांगलीच दिसायची की. सकाळी बघावं तर पाणी. मला वाटायचं, एवढं नारळ देऊनबी कुणीतरी करतंयच. म्हून म्होरच्या वेळेला आणखी जोरात. कुणाला सांगणार? नवरा गेलेली बाई नारळ फोडती म्हणलं तर गाव काय म्हणंल? आणि न्हाय फोडला तर पूर येतोय.”

सोमेशनं वहीत ‘गुन्हेगार’ या शब्दापुढं रिकामी जागा सोडली होती. त्यानं वही मिटली.

सगळ्यांना वाटलं, आता चिमणाबाईंना हायसं वाटेल. कोणी वैरी नाही, पुतण्या निर्दोष, होडीत खोट नाही. पण त्यांचा चेहरा उतरतच गेला.

“तीन म्हैनं मला वाटत हुतं, कुणीतरी माझ्यावर टपून हाय,” त्या म्हणाल्या. “रातच्याला पडल्या पडल्या इचार करायची. आता कुठं असंल त्यो, काय करत असंल, मी निजली का न्हाई बघत असंल. म्हंजे कुणीच नव्हतं.”

घाटावर म्हशींचं पाणी पिणं तेवढं चाललं होतं.

ऋतुराजनं घसा साफ केला आणि कामाचं बोलला. होडीच्या टोकाला एक जाड लोखंडी पट्टी फायबरमध्येच बसवून देतो, खाली लाकडाचा ठोकळा, वर सहा थर. त्याच्यावर नारळच काय, मंडळाचा हत्ती आपटला तरी काही होणार नाही.

पाचला दहा कमी होते. सयाजी उठला, शर्ट झटकला.

“बैठकीत सांगतो, नारळ मी फोडत हुतो,” तो म्हणाला. “अमावस्येला पलीकडं जाऊन. अक्कल न्हाई म्हणून दगडावर फोडला. हसतील, दोन दीस हसतील. पण होडी मोडीत न्हाई निघत मग. काकीचं नाव न्हाई निघत.”

आक्कांनी सोमेशकडे बघितलं. बेड्या काढ, असा त्याचा अर्थ होता.

“आणि काकी, म्होरल्या अमावस्येला मी खरंच येतो. नारळ फोडाय.”

“नारळ माझा मी फोडीन,” चिमणाबाई म्हणाल्या. “अमावस्येला तू येऊ नगंस. एखाद्या साध्या बेस्तरवारी ये. कायबी काम नसताना.”

“काम नसताना येऊन करायचं काय?” सयाजीनं अगदी मनापासून विचारलं.

पुरापासून रोज गच्चीवर उभा राहून दिवा बघणारा माणूस हे विचारत होता. सयाजी पायऱ्या चढून बैठकीसाठी चावडीकडे गेला.

शेवटचं वडाप साडेपाचला होतं. ते गेलं. सोमेश पायरीवरच बसून राहिला आणि आक्काही उठल्या नाहीत. केस संपली होती, कोल्हापुरात कुणी दोघांची वाट बघत नव्हतं, आणि बघण्यासारखी एकच गोष्ट शिल्लक होती, बैठकीत काय होतं ती.

ज्ञानूची होडी सहाला बंद व्हायची. चिमणाबाई आत जाऊन बसल्या होत्या. सहा वाजले तसा त्यानं दोर हातात घेतला, वर चावडीच्या रस्त्याकडे एकदा बघितलं आणि परत खाली ठेवला.

“थांबतो वाईच,” तो कुणालाच उद्देशून म्हणाला.

सहा वाजून सात मिनिटं झाली तेव्हा सयाजी पायऱ्या उतरताना दिसला. वर चावडीतलं हसणं अजून ऐकू येत होतं. चपला हातात घेऊन तो होडीत चढला आणि कुठं बसायचं ते न कळून उभाच राहिला. चिमणाबाई सरकल्या. ज्ञानूनं दोर ओढला.